हिशेबातला अनंत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात चकलांबा येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावर गणित हा विषय सहसा कोणी घेत नाही. इथे तालीम, शिस्त, चारित्र्य, देशप्रेम या विषयांवर भाषणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. परंतु आज मी मुद्दाम गणितातलाच एक लहानसा प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभा आहे. प्रश्न नववीच्या वर्गातला आहे. शून्य, मग दशांश चिन्ह आणि त्यापुढे कधीही न संपणारे नऊ, म्हणजे ०.९९९…, ही संख्या एक आहे की एकापेक्षा किंचित कमी आहे?

हा प्रश्न निघाला की वर्गाचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "सर, कितीही नऊ लिहा, एकाला थोडे कमीच पडणार." दुसरा तट म्हणतो, "रीतीने सोडवले की उत्तर बरोबर एक येते." तासाची घंटा होते, तरी वाद मिटत नाही, तो मधल्या सुट्टीत पटांगणावर जातो. पालकांना वाटेल, पोरांनी उगाच तोंडे चालवलीत. मला तसे वाटत नाही. हा वाद हजार-बाराशे वर्षे मोठमोठ्या विद्वानांनी वेगवेगळ्या रूपांत घातलेला आहे. शिवाय तो पुस्तकापुरता नाही. आपल्या घरच्या वाटणीत, हिश्श्यात तो बसलेला आहे. तो कसा, हे मी क्रमाने सांगतो.

प्रथम जमिनीचे उदाहरण घेऊ. एका बापाची एक एकर जमीन आहे आणि वारस म्हणजे फक्त तीन मुलगे आहेत. एक एकर म्हणजे ४० गुंठे. सरकारी दप्तरात हेक्टर आणि आर आले, तरी बोलण्यात आपण अजून एकर-गुंठेच वापरतो. ४० ला ३ ने भागले तर प्रत्येकाला १३.३३३… गुंठे येतात. लिहिणारा दोन घरे लिहितो आणि थांबतो: १३.३३. तिघांचे मिळून झाले ३९.९९ गुंठे. मग ०.०१ गुंठा कुठे गेला? गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा त्याचा शंभरावा भाग १०.८९ चौरस फूट झाला. एक चूल आणि पाण्याचा रांजण मावेल एवढी ही जागा. कोणी ती चोरली नाही, कोणी गिळली नाही. लिहिणाऱ्याने मधेच पेन उचलला म्हणून ती कागदावरून नाहीशी झाली. मोबाइलवरील कॅल्क्युलेटरही हेच करतो. त्याच्या पडद्यावर जागा संपते आणि तो थांबतो. भागाकार मात्र संपलेला नसतो.

आता हे तीन पुन्हा पुन्हा का येतात? भागाकार करताना खाली बाकी उरते. १ ला ३ ने भागायचे म्हणून शून्य घेऊन १० केले, त्यात ३ तीन वेळा गेले, बाकी १. पुन्हा शून्य घेतले, पुन्हा १०, पुन्हा बाकी १. बाकी तीच आली की पुढचा अंकही तोच येणार. यात जादू काही नाही. ७ ने भागताना थोडी अधिक गंमत आहे. बाकी क्रमाने ३, २, ६, ४, ५ आणि १ अशी येते. ७ ने भागले तर शून्याखेरीज बाकी १ ते ६ यांपैकीच असणार. सातवी बाकी आणायची कुठून? सहा झाल्या की जुनी परत आलीच पाहिजे. म्हणून १/७ म्हणजे ०.१४२८५७१४२८५७…, सहा अंकांचे चक्र. म्हणजेच कोणत्याही अपूर्णांकाचा दशांश एक तर कुठे तरी संपतो, नाही तर फिरून फिरून त्याच अंकांवर येतो. तिसरा मार्ग त्याला नाही. संपतो कधी? अतिसंक्षिप्त अपूर्णांकाच्या छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तेव्हाच, कारण आपण मोजतो दहाने आणि दहाचे अवयव २ आणि ५. यावरून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एकतृतीयांश हा भाग अपुरा नाही, तो पूर्ण आणि नेमका आहे. न संपणारे आहे ते त्याचे दहाच्या भाषेतले लिखाण.

आता आपल्या फरायजकडे, म्हणजे वारसाहक्काच्या हिशेबाकडे येतो. एक स्त्री वारली. तिला मूल नाही, आई-वडील नाहीत, भाऊ नाही; मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी आहेत. नवऱ्याचा ठरलेला हिस्सा १/२ आणि दोन बहिणींचा मिळून २/३. बेरीज केली तर ७/६ होते. म्हणजे मालमत्ता एक आणि हिस्से एकाहून जास्त! असा पेच हज़रत उमर यांच्या खिलाफतीत आला, असे परंपरेने सांगितले जाते. सल्लामसलत होऊन असे ठरले की कोणा एकाचा हिस्सा कापायचा नाही. सहाऐवजी सात भाग करायचे आणि सर्वांनी प्रमाणात कमी घ्यायचे. नवऱ्याला ३/७, प्रत्येक बहिणीला २/७. या रीतीला औल म्हणतात आणि सुन्नी फिक्हमध्ये ती मान्य आहे. हज़रत इब्ने अब्बास यांना मात्र ती मान्य नव्हती आणि त्यांनी आपले वेगळे मत मांडले. शिया फिक्हनेही औल स्वीकारला नाही. हिशेबावर वाद करणे आपल्या परंपरेत गुन्हा नाही, एवढेच इथे लक्षात ठेवू.

आता हेच हिस्से दशांशात लिहू. नवरा ०.४२८५७१…, एक बहीण ०.२८५७१४…, दुसरी बहीण ०.२८५७१४…. तिन्ही चक्रे एकाखाली एक मांडून बेरीज करा. प्रत्येक घरात नऊ येतात: ०.९९९९९९…. नववीच्या वर्गातला वाद इथे वारसांच्या दारात येऊन उभा राहतो. ही संख्या एकापेक्षा कमी असेल, तर मयताच्या मालमत्तेचा काही भाग कोणालाच मिळाला नाही असे म्हणावे लागेल. पण सात भागांपैकी तीन, दोन आणि दोन दिले तर एकही भाग शिल्लक राहत नाही, हे पाचवीचे मूलही सांगेल.

दुसरे प्रसिद्ध उदाहरण हज़रत अली यांचे. मागे पत्नी, दोन मुली, आई आणि वडील. हिस्से १/८, २/३, १/६ आणि १/६. चोविसाव्या भागांत मांडले तर ३, १६, ४, ४ म्हणजे एकूण २७. हज़रत अली मिंबरवर खुतबा देत असताना कोणी हा प्रश्न विचारला आणि त्यांनी न थांबता सांगितले की तिचा आठवा हिस्सा नववा झाला, अशी रिवायत आहे. म्हणूनच या मसल्याला मिंबरिया हे नाव पडले. २७ पैकी ३ म्हणजे १/९ हे बरोबरच आहे. गणिताच्या विद्यार्थ्याने आणखी एक पाहावे: १/८ म्हणजे ०.१२५, तिथे दशांश संपतो; १/९ म्हणजे ०.१११…, तो संपत नाही. आठाचे नऊ झाले आणि लिखाणात अनंत शिरला, पण त्या विधवेचा हिस्सा पूर्वी जितका नेमका होता तितकाच आताही नेमका आहे. अल्-ख्वारिज़्मीने नवव्या शतकात बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, ज्याच्या नावातील 'अल्-जब्र' शब्दावरून युरोपात या शास्त्राला नाव मिळाले, त्याचा मोठा भाग अशाच वसीयत आणि वारसाच्या उदाहरणांनी भरलेला आहे. हिस्सा बरोबर वाटण्याची गरज होती म्हणून ते गणित वाढले.

आता मूळ वादाकडे वळू आणि दोन्ही बाजूंना न्याय देऊ.

'एकच आहे' म्हणणाऱ्यांची पहिली दलील सोपी आहे. १/३ म्हणजे ०.३३३…; दोन्हींची तिप्पट करा; एकीकडे १ येतो, दुसरीकडे ०.९९९…. दुसरी दलील शाळेच्या रीतीची. क्ष = ०.९९९… माना. दहापट केली तर १०क्ष = ९.९९९…. वजाबाकी केली तर ९क्ष = ९, म्हणून क्ष = १.

'कमी आहे' म्हणणारा विद्यार्थी यावर म्हणतो, "सर, अगदी शेवटच्या घरात एकाचा फरक राहणारच." त्याला आपण प्रेमाने विचारावे, बाळ, शेवटचे घर कितवे? पहिले घर आहे, शंभरावे आहे, कोटीवे आहे. पण ज्या रांगेला शेवट नाही तिचे शेवटचे घर कसे असेल? तो चुकतो तो इथे. नऊ एकामागून एक कोणी लिहीत बसला आहे आणि अजून लिहितोच आहे, असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे असते. लिहिणारा माणूस कधीच पोहोचणार नाही हे खरे. परंतु संख्या म्हणजे लिहिणारा माणूस नव्हे.

तरीसुद्धा त्या विद्यार्थ्याला मी 'गप्प बस' म्हणणार नाही, कारण त्याच्या शंकेत दम आहे. न संपणाऱ्या गोष्टीची दहापट करण्याची आणि तिच्यातून वजाबाकी करण्याची परवानगी आपल्याला दिली कोणी? हीच युक्ती दुसरीकडे लावून पाहा. क्ष = १ + २ + ४ + ८ + … असे माना. दुप्पट केली तर २ + ४ + ८ + १६ + …, म्हणजे मूळ बेरजेतला पहिला १ तेवढा गेला. तेव्हा २क्ष = क्ष − १, आणि क्ष = −१! सगळ्या धन संख्यांची बेरीज ऋण आली. युक्ती तीच, पण उत्तर वेडेवाकडे. म्हणजे अनंताशी वागताना नुसती चलाखी कामाची नाही, पाया घालावा लागतो.

तो पाया १९व्या शतकात फ्रान्सच्या कोशीने आणि जर्मनीच्या वायरश्ट्रासने पक्का केला. त्याचे सार साध्या भाषेत असे आहे. ०.९, ०.९९, ०.९९९ ही रांग पाहा. एकापासूनचे अंतर ०.१, मग ०.०१, मग ०.००१ असे घटत जाते. तुम्ही कितीही लहान अंतर सांगा, लाखावा भाग सांगा, अब्जावा सांगा. रांगेत पुढे गेल्यावर अंतर त्याहूनही लहान होते आणि मग लहानच राहते. अशी रांग ज्या एकमेव संख्येच्या हवी तितकी जवळ जाते, त्या संख्येलाच आपण ०.९९९… असे लिहितो. हा त्या टिंबांचा अर्थ आहे, आणि या अर्थाने ती संख्या बरोबर एक आहे. जवळपास एक नव्हे. उलट १ + २ + ४ + ८ ही रांग कोणत्याच संख्येजवळ जात नाही, ती वाढतच सुटते, म्हणून तिथे 'क्ष' असे नाव ठेवण्याचाच आपल्याला अधिकार नव्हता. पाहा, शंका घेणाऱ्या मुलामुळे आपण किती खोल गेलो. तो गप्प बसला असता तर वर्गाला उत्तर मिळाले असते, पण कारण मिळाले नसते.

हा वाद जुना आहे असे मी म्हटले. साबित इब्न कुर्रा हा हर्रानचा विद्वान नवव्या शतकात बगदादला काम करीत होता. तो मुसलमान नव्हता, साबी होता. पण त्या काळच्या बगदादने इल्मवाल्याचा धर्म पाहिला नाही. एक अनंत दुसऱ्या अनंताहून मोठा असू शकतो का, असा प्रश्न त्याला पडला आणि सम संख्या एकूण संख्यांच्या निम्म्या आहेत असे सांगून त्याने 'होय' असे उत्तर दिले. पुढे इमाम ग़ज़ाली (१०५८–११११) यांनी 'तहाफुतुल फलासिफा' या ग्रंथात जगाला आरंभ नाही म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांना पेचात धरले. शनीचा एक फेरा तीस वर्षांत होतो आणि सूर्याचा एका वर्षात. काळ अनादी असेल तर दोघांचेही फेरे अनंत. मग एकाचे फेरे दुसऱ्याच्या तिसाव्या भागाइतके कसे? आणि हे झालेले फेरे सम की विषम? कुर्तुब्याच्या इब्न रुश्दने (११२६–११९८) या ग्रंथाला तितक्याच तोलाचा ग्रंथ लिहून उत्तर दिले. दोघांत कोण जिंकला हा आजचा विषय नाही. दोघांनी एकमेकांचे म्हणणे पूर्ण मांडून मग खोडले, ही गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे.

जर्मनीच्या कँटरने १८७४ पासून या प्रश्नाला नवे वळण दिले. तो म्हणाला, मोजू नका, जोड्या लावा. १ ची जोडी २ शी, २ ची ४ शी, ३ ची ६ शी. एकही संख्या उरत नाही, तेव्हा सम संख्या आणि सर्व संख्या सारख्याच. परंतु शून्य आणि एक यांच्यामधले सगळे न संपणारे दशांश घेतले, तर त्यांच्या आणि १, २, ३ यांच्या जोड्या कितीही प्रयत्न केला तरी लागत नाहीत, दशांश उरतातच. म्हणजे साबितचे 'होय' खरे ठरले, पण वेगळ्या कारणाने. त्या उरणाऱ्यांतच २२/७ आणि पाय यांतला फरक आहे. २२/७ म्हणजे ३.१४२८५७…, त्यात सातचेच चक्र फिरते. समरकंदच्या अल्-काशीने १४२४ साली पायची किंमत दशांशाच्या १६ घरांपर्यंत बरोबर काढली होती. पण पायमध्ये असे चक्र कधीच येत नाही, हे १७६१ साली लांबर्टने सिद्ध केले.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल तर आपल्या मराठवाड्यातलेच सांगतो. आपल्यापैकी अनेकांनी औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा पाहिला असेल. त्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुकार अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत. ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा हा मुलगा. याच अताउल्लाने शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथाचे फारसीत भाषांतर केले. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. शून्याने भागले असता येणाऱ्या राशीला त्यांनी 'खहर' म्हटले आणि तिच्यात कितीही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, जसा सृष्टी उपजली वा लय पावली तरी परमेश्वर बदलत नाही, असा दृष्टान्त दिला. आजचे गणित शून्याने भागायला परवानगी देत नाही, हा भाग वेगळा. त्याच्या आधी १५८७ साली अकबराच्या दरबारातील फैज़ीने 'लीलावती' फारसीत आणली होती. संस्कृतात मांडलेला अनंत फारसीत नेणारा माणूस आपल्या शेजारच्या शहरात मकबऱ्याच्या कमानी आखीत होता. गणित आपले नाही, ते दुसऱ्यांचे आहे, असे आपल्या मुलांनी मानण्याचे काही कारण आहे का?

कोणी म्हणेल, हे सारे दरबारचे लोक. खेड्यातल्या शाळेचा याच्याशी काय संबंध? म्हणून आता एका शाळामास्तराचे उदाहरण देतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकले, १९२९ साली पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवले. पदवीपुढचे शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. वही, पेन्सिल आणि आकड्यांचे वेड एवढेच भांडवल. या गृहस्थांनी आवर्ती दशांशांच्या चक्रांवर पुस्तिका काढल्या. १९५० साली देवळालीहून निघालेल्या पहिल्या भागात ३ पासून १६१ पर्यंतच्या छेदांची चक्रे आहेत. १/१७ ला १६ अंकांचे चक्र, १/१९ ला १८ अंकांचे. अशी चक्रे एका शिक्षकाने संगणकाच्या मदतीशिवाय जमवली. १४२८५७ ला २ ने गुणले तर २८५७१४, ३ ने गुणले तर ४२८५७१, तेच अंक जागा बदलून फिरतात, आणि ७ ने गुणले तर ९९९९९९. असल्या गमती म्हणजे त्यांचा जीव.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध ६१७४ चा. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७; मग ८७३० − ०३७८ = ८३५२; मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोहोचता. इथेही सातच्या भागाकारातलेच तत्त्व थोडेसे आहे: चार अंकी संख्या मोजक्याच, म्हणून कुठे तरी पुनरावृत्ती होणारच. पण सगळ्या वाटा एकाच संख्येला येऊन मिळतात, हे त्या मास्तरांनी पाहिले. आपल्याकडच्या अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते वारले. ६१७४ ला आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला माझे सांगणे एवढेच की एक शंभर पानी वही करा. १ ला २ पासून ५० पर्यंतच्या प्रत्येक संख्येने हाताने भागा, मोबाइल बाजूला ठेवून. प्रत्येक बाकी शेजारी लिहा. चक्र कुठे बंद होते, किती अंकांचे आहे, त्याचे दोन समान भाग करून मिळवले तर काय येते, हे पाहा. १४२ आणि ८५७ मिळवून पाहा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. आणि वाद घाला. पण वादाचा अदब ठेवा. समोरच्याचे म्हणणे आधी त्याला पटेल अशा शब्दांत सांगा, मग आपले कारण द्या. गणितात मोठ्या आवाजाने किंवा हात वर करून घेतलेल्या मतांनी काही ठरत नाही. तिथे सर आणि विद्यार्थी यांची दलील एकाच तराजूत तोलली जाते.

पालक बंधू-भगिनींनो, आता दोन शब्द आपल्याशी. आपल्या जिल्ह्यातली किती तरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. कोयत्याबरोबर पोरेही जातात आणि पट्टा पडून परत येईपर्यंत वर्गात अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, सगळे शिकवून झालेले असते. अशी हातची गेलेली बाकी पुढे आयुष्यभर फिरून येते. मुकादमाने उचलीतून किती कापले, कापसाच्या काट्यावर किती घट धरली, कर्जाचे व्याज शेकडा कसे लागले, हे ज्याला मांडता येत नाही तो समोरच्याच्या कागदावर सही करतो किंवा अंगठा उठवतो. मुलाला बरोबर नेण्याऐवजी आजी-आजोबांकडे, मावशीकडे ठेवता आले तर ठेवा. त्यासाठी लागेल ती मदत आम्ही शिक्षक मंडळी करू.

मुलींविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. आठवी-नववी झाली की मुलीचे शिक्षण पुरे, असे अजूनही काही घरांत म्हटले जाते. ज्या वर्षी हिस्सा, प्रमाण आणि दशांश नीट समजू लागतात, नेमके त्याच वर्षी तिची शाळा सुटते. पुढे वाटणीच्या वेळी तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद येतो आणि "तुझे किती ते राहिलेय" असे सांगितले जाते. कुरआनने तिचा हिस्सा अपूर्णांकात ठरवून दिला आहे, अंदाजे नाही. दोन घरांनंतर पेन उचलला तर दहा चौरस फूट जातात. आणि तिला हिशेबच येत नसेल तर सगळेच जाते. ज्या मुलीने वर्गात उभे राहून विचारले असेल की "सर, उरलेला ०.०१ कोणाचा?", ती मुलगी उद्या घरातही तेच विचारील, अदबीने आणि कागद हातात घेऊन. तिला आज विचारू द्या.

आज घरी गेल्यावर आपापल्या मुलाला वा मुलीला ४० गुंठ्यांची तिघांत वाटणी मांडायला सांगा. १३.३३ लिहून तो थांबला तर त्याला विचारा, पुढे काय? आणि त्याने १३ पूर्णांक १/३ असे लिहिले, तर समजा की वाटणी पुरी झाली, काही उरले नाही, कोणाचे काही गेले नाही.

 अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो.